बॉक्सरला बॉक्सिंग सोडावं लागलं, तर?

मुलांनो, आमच्या सहावीच्या वर्गात एक प्रश्नपेटी आहे. पेटी कसली, बिस्किटांचा रिकामा पुठ्ठ्याचा खोका! वर एक फट पाडली आहे, बस्स. आठवडाभर ज्याला जो प्रश्न पडेल तो त्यानं चिठ्ठीवर लिहून आत टाकायचा. नाव लिहिलंच पाहिजे असं नाही. शुक्रवारी शेवटच्या तासाला पेटी उघडायची, असा आमचा नियम.

एका शुक्रवारी पेटी उघडली तर काय, निम्म्या चिठ्ठ्यांत बॉक्सिंगच! आदल्या रविवारी वर्गातल्या चार-पाच जणांनी मिळून एका मित्राच्या घरी 'रॉकी'चे चित्रपट पाहिले होते. मग काय, मधल्या सुट्टीत ठोसे, डब्याच्या पिशव्यांवर ठोसे, बाकावर उभं राहून दोन्ही हात वर! चिठ्ठ्यांतले प्रश्नही तसेच. 'बाई, त्यातली मारामारी खरी असते का?' 'अपोलो खरंच मेला का?' 'रॉकी शेवटी मरतो का?'

आणि एक चिठ्ठी अशी होती : 'बॉक्सरला बॉक्सिंग करता आलं नाही, तर पुढे त्याचं काय होतं?'

खाली नाव नव्हतं. पण अक्षर मी ओळखलं. तो मुलगा तेव्हा शेवटच्या बाकाच्या कडेला पाय लांब करून बसायचा, कारण पायाला प्लास्टर होतं. सोसायटीच्या आवारात सायकलवरून पडला आणि नडगीचं हाड मोडलं. आमच्या शाळेच्या खो-खो संघातला तो सगळ्यात चपळ गडी. त्या वर्षीच्या स्पर्धा त्याच्या हातून गेल्या. तेव्हापासून तो कुणाशी धड बोलत नव्हता. मैदानाचा तास आला की खिडकीकडे पाठ करून बसायचा.

म्हणून त्या दिवशी मी ठरवलं, सगळ्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. पण या चिठ्ठीचं उत्तर सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात नीट द्यायचं. तेच आज तुम्हालाही सांगते.

पहिल्याच चित्रपटात नायक हरतो!

'रॉकी' हा अमेरिकन चित्रपट आला १९७६ साली. त्याची गोष्ट सुचली ती एका खऱ्या सामन्यावरून. २४ मार्च १९७५ रोजी जगज्जेता मोहम्मद अली आणि चक वेप्नर यांची लढत झाली. वेप्नर फारसा नावाजलेला नव्हता. तो दोन-तीन फेऱ्यांत आडवा होईल असं सगळ्यांना वाटत होतं. पण गडी पंधराव्या फेरीपर्यंत उभा राहिला! सामना संपायला अवघे काही सेकंद उरले असताना पंचांनी लढत थांबवली.

हा सामना पाहणाऱ्यांत सिल्व्हेस्टर स्टॅलोन नावाचा एक तरुण नट होता. त्याला काम मिळत नव्हतं, खिशात पैसे नव्हते. त्यानं साडेतीन दिवसांत पटकथेचा पहिला खर्डा लिहून काढला, असं तो सांगतो. निर्मात्यांना गोष्ट आवडली. ते भरपूर पैसे द्यायला तयार झाले, पण नायक म्हणून त्यांना एखादा मोठा नट हवा होता. स्टॅलोन म्हणाला, "रॉकी मीच होणार. नाहीतर गोष्ट देत नाही." हट्ट केला तो केला, आणि खरा करून दाखवला.

बरं, या चित्रपटाच्या शेवटी काय होतं, ठाऊक आहे? रॉकी हरतो! पंचांच्या गुणांवर अपोलो क्रीड जिंकतो. रॉकीला फक्त एवढंच हवं असतं की पंधरा फेऱ्या संपेपर्यंत आपण पायांवर उभं असावं. तेवढं तो करतो. हरलेल्या नायकाच्या या चित्रपटाला त्या वर्षीचं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं.

पडद्यामागच्या गमती

हा चित्रपट अगदी थोड्या पैशांत, सुमारे २८ दिवसांत चित्रित झाला. पैसे कमी म्हणून अडचणी फार. पण एकेका अडचणीचं त्यांनी कसं सोनं केलं पाहा.

रॉकी आणि एड्रियन बर्फावर स्केटिंग करायला जातात, असा एक प्रसंग आहे. मूळ कल्पनेत तिथं लोकांची खूप गर्दी असणार होती. पण इतक्या माणसांना द्यायला पैसे कुठून आणायचे? मग त्यांनी प्रसंगच बदलला. मैदान बंद झालंय, रॉकी तिथल्या माणसाची विनवणी करून दहा मिनिटं मागून घेतो आणि मोकळ्या बर्फावर ती दोघंच. चित्रपटातला तो सगळ्यात गोड प्रसंग ठरला.

शेवटच्या लढतीसाठी शिवून आलेला झगा रॉकीच्या अंगाला फारच ढगळ निघाला. परत शिवायला वेळ नव्हता. मग रॉकीच्याच तोंडी वाक्य घातलं, की हा झगा मला मोठा होतोय! भिंतीवरच्या मोठ्या चित्रात त्याच्या चड्डीचा रंगही चुकला होता. तीही चूक गोष्टीतच घेतली. रॉकी आयोजकाला ती दाखवतो आणि आयोजक म्हणतो, त्यानं काय फरक पडतो? आपण इथं कुणीच नाही, असं रॉकीला त्या क्षणी वाटतं. म्हणजे रंगाऱ्याच्या चुकीतून नायकाचं दुःख दाखवता आलं!

रॉकीचा तो भलामोठा कुत्रा आठवतो? तो स्टॅलोनचाच पाळलेला कुत्रा. त्याचं खरं नावही चित्रपटातलंच, बटकस.

आता मारामारीचा प्रश्न. चित्रपटातली लढत नाचासारखी बसवलेली असते. कुठला हात कधी यायचा, मान कुठे वळवायची, सगळं पाठ. कॅमेरा अशा कोनातून लावतात की हवेतून गेलेला ठोसा गालावर बसल्यासारखा दिसतो. 'धप्प' आवाज मागाहून भरतात. पण 'रॉकी ४'च्या वेळी स्टॅलोननं समोरच्या डॉल्फ लुंडग्रेनला सांगितलं, थोडा वेळ खरेच ठोसे मार. त्यानं मारले. छातीवर बसलेल्या एका ठोशानं स्टॅलोनच्या हृदयाला सूज आली आणि त्याला रुग्णालयात अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं. हे सांगितल्यावर आमच्या वर्गातल्या डब्याच्या पिशव्यांना जरा उसंत मिळाली, बरं का! ठोसा ही गंमत नाही, हे ज्याचं त्यानं ओळखावं.

कोणाचं पुढे काय झालं?

रॉकीचे सहा चित्रपट आले, १९७६ ते २००६. त्यानंतर अपोलोच्या मुलावरचे 'क्रीड' नावाचे तीन आले, २०१५, २०१८ आणि २०२३ साली. इतक्या वर्षांत पात्रं म्हातारी झाली, काही गेली.

रॉकीचे म्हातारे गुरू मिकी 'रॉकी ३'मध्ये (१९८२) जातात. अपोलो आधी प्रतिस्पर्धी, मग जिवलग दोस्त. तो 'रॉकी ४'मध्ये (१९८५) इव्हान ड्रॅगो या रशियन बॉक्सरच्या ठोशांनी रिंगमध्येच प्राण सोडतो. बॉक्सिंगमध्ये आपल्या गड्याला फार लागतंय असं वाटलं, की त्याच्या बाजूच्या माणसानं रिंगमध्ये टॉवेल फेकायचा. म्हणजे लढत थांबते. अपोलोनं रॉकीला बजावलेलं असतं, टॉवेल टाकू नकोस. रॉकी थांबतो, आणि मित्र गमावतो. 'क्रीड २'मध्ये (२०१८) ड्रॅगोचा मुलगा रिंगमध्ये मार खात असतो. ड्रॅगो आता म्हातारा झालाय, पराभवामुळे सगळ्यांनी त्याला टाकलंय. मुलगा जिंकला तर गेलेली अब्रू परत येणार असते. तरीसुद्धा तो टॉवेल फेकतो. दुष्ट वाटणाऱ्या माणसानं मुलाचा जीव आधी पाहिला! तेहतीस वर्षांनी गोष्ट अशी पुरी झाली.

रॉकीची बायको एड्रियन आजारानं गेलेली आपल्याला सहाव्या चित्रपटात कळतं, आणि मेव्हणा पॉली 'क्रीड'च्या आधी गेलेला असतो. अपोलोचं काम करणारे कार्ल वेदर्स खऱ्या आयुष्यात २०२४च्या फेब्रुवारीत वारले. पॉली झालेले बर्ट यंग २०२३ साली गेले.

आणि रॉकी? पाचव्या चित्रपटाच्या शेवटी त्याला मारायचं असं आधी ठरलं होतं. मग बेत बदलला. 'क्रीड'मध्ये त्याला कर्करोग होतो. आधी तो उपचार नको म्हणतो, मग अपोलोच्या मुलासाठी तयार होतो. तो स्वतः कधीच रिंगमधून बाहेर आलेला असतो, पण आता त्या मुलाला शिकवतो. म्हणजे रॉकी जगतो.

मी एवढं सांगितलं आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "पण बाई, ते लिहिणाऱ्यानं तसं लिहिलं म्हणून!"

इतक्या आठवड्यांत तो पहिल्यांदा वर्गात बोलला होता. आणि बरोबरच बोलला होता. कागदावर माणसाला जगवणं सोपं. खरं सांगा, असं त्याचं म्हणणं.

मग मी म्हटलं, "चल, खरं सांगते. तेही आपल्या सांगली जिल्ह्यातलं."

पेठ गावचा मुरली

सांगली जिल्ह्यात पेठ नावाचं गाव आहे. तिथं १९४४ साली मुरलीकांत पेटकर यांचा जन्म झाला. गाव कुस्तीच्या मुलखातलं. जवळच्या कऱ्हाडचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक जिंकून आले होते. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. मुरलीलाही कुस्तीचा नाद होता. पुढे तो सैन्यात गेला. ईएमई, म्हणजे यंत्रं आणि वाहनं दुरुस्त करणाऱ्या दलात तो सिकंदराबादला होता. तिथं त्याच्या हातात बॉक्सिंगचे ग्लोव्ह्ज आले. १९६४ साली टोकियोत झालेल्या सेनादलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तो बॉक्सर म्हणून उतरला. तेव्हा वय वीस.

पुढच्याच वर्षी, १९६५ साली पाकिस्तानशी युद्ध झालं. त्यात मुरलीकांतना अनेक गोळ्या लागल्या. एक गोळी पाठीच्या कण्यात रुतून बसली, ती काढता आली नाही. शुद्धीवर आले तेव्हा कमरेखालचं अंग हलत नव्हतं.

इथं मी थांबले. वर्गात कुणी हलेना.

मुलांनो, ठोसा हातानं मारतात असं आपल्याला वाटतं. पण तो निघतो पायातून! टाच जमिनीला रेटते, कंबर वळते, खांदा पुढे येतो आणि शेवटी मूठ पोचते. पायच गेले तर हात कितीही बळकट असला तरी बॉक्सिंग संपलं. एकविसाव्या वर्षी या बॉक्सरचं बॉक्सिंग संपलं होतं.

पाण्यानं काय केलं?

मुंबईत नौदलाचं 'अश्विनी' रुग्णालय आहे. तिथं उपचार सुरू असताना पोहण्याचा व्यायाम सांगितला गेला. का बरं? आपण पाण्यात शिरलो की पाणी आपल्याला वर रेटतं, आपलं वजन तोलून धरतं. जमिनीवर जे अंग पाय नसल्यामुळे उभं राहू शकत नाही, ते पाण्यात तरंगतं. मग उरतात खांदे आणि हात. आणि मुरलीकांतचे खांदे होते बॉक्सरचे!

एका रात्रीत काही झालं नाही. १९६८ साली तेल अवीवच्या पॅरालिम्पिक स्पर्धेत ते गेले ते टेबल टेनिस खेळायला. पहिली फेरी पार केली, पण पदक नाही. परत आले. सराव केला. क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेनं अशा खेळाडूंच्या प्रवासखर्चाला हातभार लावला.

आणि १९७२ साल उजाडलं. त्या वर्षीचं ऑलिम्पिक जर्मनीत म्युनिकला होतं. पण तिथल्या खेळाडूंच्या राहण्याच्या इमारती ऑलिम्पिक संपताच घरं म्हणून द्यायच्या ठरल्या होत्या. त्यामुळे अपंग खेळाडूंच्या स्पर्धा हायडेलबर्ग या गावी झाल्या. मुरलीकांत पेटकर तिथं ५० मीटर फ्रीस्टाइल शर्यतीत उतरले. वेळ लागला ३७.३३ सेकंद. सुवर्णपदक, आणि जागतिक विक्रमही! भालाफेक आणि चाकांच्या खुर्चीच्या अडथळा शर्यतीतही ते अंतिम फेरीपर्यंत गेले.

पॅरालिम्पिकमध्ये भारताला मिळालेलं ते पहिलं सुवर्णपदक. ऑलिम्पिकमधलं पहिलं वैयक्तिक सुवर्ण अभिनव बिंद्रानं आणलं ते २००८ साली, म्हणजे छत्तीस वर्षांनी.

५० मीटर म्हणजे किती? डोंबिवली स्टेशनवर उभी असलेली लोकल डोळ्यांपुढे आणा. तिचे साधारण अडीच डबे. एवढं अंतर नुसत्या हातांच्या बळावर, ३७ सेकंदांत!

आणि मग सगळे विसरले

चित्रपटात पदक मिळालं की संगीत वाजतं आणि 'समाप्त' अशी पाटी येते. खऱ्या आयुष्यात दुसऱ्या दिवशी सकाळ होते. पेटकर पुण्याला टेल्को कंपनीत नोकरी करू लागले. संसार केला. १९८२ साली त्यांनी अर्जुन पुरस्कारासाठी अर्ज केला, तो मिळाला नाही. वर्षं गेली. शाळेच्या पुस्तकांत, प्रश्नमंजुषांत त्यांचं नाव कुठे फारसं दिसेना. मी स्वतः डी. एड. झाले, मुलांना क्रीडा-सामान्यज्ञान शिकवू लागले, तरी हे नाव मला ठाऊक नव्हतं. सांगायला लाज वाटते, पण खरं आहे.

२०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यानंतर दिग्दर्शक कबीर खान यांनी त्यांच्यावर चित्रपट काढला, 'चंदू चॅम्पियन'. १४ जून २०२४ रोजी तो प्रदर्शित झाला. मुरलीकांत झाला कार्तिक आर्यन, बॉक्सिंगचे गुरू टायगर अली झाले विजय राज आणि मुरलीची आई झाली आपली हेमांगी कवी. ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण जिंकीन असं लहान मुरली म्हणतो तेव्हा मुलं त्याला 'चंदू चॅम्पियन' म्हणून चिडवतात, त्यावरून हे नाव.

याही चित्रपटाच्या पडद्यामागे घाम पुष्कळ गाळला गेला. कार्तिकला आधी वजन खूप उतरवावं लागलं. वर्षाहून अधिक काळ त्यानं बॉक्सिंगचा आणि पोहण्याचा सराव केला. काश्मीरच्या आरू खोऱ्यात युद्धाचं एक आठ मिनिटांचं दृश्य त्यांनी मध्ये कुठेही न तोडता, एका दमात चित्रित केलं. एक जण चुकला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून!

चित्रपटाच्या गोष्टीत म्हातारे मुरलीकांत पोलीस ठाण्यात येऊन अर्जुन पुरस्कार न मिळाल्याची तक्रार करतात. आणि गंमत पाहा, चित्रपट आला त्यानंतर सात महिन्यांनी, १७ जानेवारी २०२५ रोजी, खऱ्या पेटकरांना राष्ट्रपती भवनात जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार मिळाला! कुबड्या घेऊन ते स्वतः चालत पुढे गेले. वय ऐंशी. हे कुणा पटकथाकारानं लिहिलेलं नव्हतं.

सदतीस सेकंद

गोष्ट संपली तेव्हा शाळा सुटायला पाच मिनिटं होती. मी म्हटलं, "सदतीस सेकंद म्हणजे नेमके किती, पाहू या का?" प्लास्टरवाल्या दोस्ताच्या हातात माझं घड्याळ दिलं. त्यानं "सुरू!" म्हटलं आणि सगळा वर्ग डोळे मिटून, जागेवरच दोन्ही हातांनी हवेत पोहू लागला. वीस सेकंद झाले आणि खांदे भरून आले. तीस झाले आणि निम्म्यांचे हात खाली. "थांबा!" तो ओरडला तेव्हा वर्गात फक्त सहा जणांचे हात चालू होते, आणि तेही नुसते हवेत!

पालकहो, एक गोष्ट तुमच्यासाठी. मूल आजारी पडलं, पाय मोडला, परीक्षेत मागे पडलं, की आपण घाईनं म्हणतो, "होईल सगळं ठीक." माझंही तसंच झालं होतं. कितीतरी दिवस मी त्या मुलाला तेच सांगत होते. त्याला ते नको होतं. आपला खेळ गेला हे कुणीतरी आधी मान्य करायला हवं होतं. पेटकरांचं बॉक्सिंग परत आलं नाही, कधीच आलं नाही, हे ऐकल्यावरच त्यानं मान वर करून पुढचं ऐकलं.

पुढच्या शुक्रवारी प्रश्नपेटीत तेच अक्षर होतं. या वेळी खाली नावही होतं. 'बाई, प्लास्टर काढल्यावर पोहायला किती दिवसांनी जाता येतं?'

मला उत्तर ठाऊक नव्हतं. मी चिठ्ठीच्या मागं लिहिलं, 'डॉक्टरांना विचार. आणि मग मलाही सांग.'